क्रिएटिनिन वाढलं म्हणजे पेशंट गेला असं नसतं

सेप्सिसमध्ये (इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयव बिघडायला लागतात तेव्हा) किडनीला मार बसला की पेशंट वाचत नाही, क्रिएटिनिनच्या (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) आकड्यावरूनच कळतं, असा मेसेज फिरतोय, प्लीज पुढे पाठवू नका, तो चुकीचा आहे. धोका खरंच वाढतो, ते नाकारत नाहीये. पण एकट्या क्रिएटिनिनवर काहीच ठरत नाही, उलट तो आकडा उशिरा वाढतो, आणि सलाईन भरपूर दिलं असेल तर रक्त पातळ झाल्याने कमीही दिसतो, म्हणून लघवी किती होतेय हेही बघतात, ६ तास ताशी किलोमागे ०.५ मिलीपेक्षा कमी झाली तरी किडनी इंज्युरी धरतात. अंदाज बांधताना वय, लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढतो तो पदार्थ), बीपीसाठी औषध लागतंय का, श्वास, प्लेटलेट, बिलिरुबिन (लिव्हरचं काम कळतं ती रक्ततपासणी), पेशंट किती शुद्धीवर आहे असं सगळं एकत्र धरतात, सोफा स्कोर (कुठला अवयव किती बिघडलाय याचे गुण) त्यातलाच, ० ते २४ चा, जास्त गुण म्हणजे जास्त धोका, आणि तो परत परत काढतात कारण पेशंट रोज बदलतो. आणि मृत्यूची ४०% रिस्क म्हणजे तशा १०० पेशंटपैकी साधारण ६० जण वाचतात, तुमचा माणूस कुठल्या बाजूला हे अंदाज बांधणारं कुठलंच मॉडेल सांगू शकत नाही. डायलिसिस लागलेल्या कितीतरी जणांची किडनी नंतर सावरते, त्यामुळे असला मेसेज वाचून उपचार थांबवायचं तर मनातही आणू नका.