पडीक नाही, गायरान आहे ते

आत्ता गावाहून परतीच्या एसटीत बसलोय आणि डोकं शांत होईना म्हणून लिहितोय. जरा लांब होईल, ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

आज गावात ग्रामसभा होती. विषय होता गायरानावर सोलर प्रकल्प. एक साहेब आले होते, चांगले बोलत होते, लॅपटॉपवर नकाशा उघडला, आमच्या गायरानाचा गट नंबर पिवळ्या रंगात भरलेला होता आणि ते म्हणाले, ही जमीन पडीक आहे, कुणाच्याच वापरात नाही, त्यामुळं गावाचं काहीच नुकसान नाही. मागं दाराशी बायका बसल्या होत्या त्यातून माझी मोठी आई उठली (सख्खी चुलती, पासष्टीच्या पुढची) आणि म्हणाली, "साहेब, मग माझ्या शेळ्या रोज कुठं जातेत?"

लोक हसले. साहेबही हसले. आणि विषय पुढं गेला.

त्या हसण्यानं माझं टाळकं फिरलंय. कारण तिनं जो प्रश्न विचारला ना, तेवढाच एक मुद्द्याचा प्रश्न आज त्या सभेत झाला.

मोठ्या आईबद्दल थोडं सांगतो. २०१३ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या कुणाला विसरता येणार नाही. आमची विहीर जानेवारीतच खडखडीत, मोसंबीचं सरपण झालं, बैलं छावणीला. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, परीक्षा फी भरायची मुदत संपत आली होती आणि वडलांनी फोनवर सांगितलं की यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. हे मोठ्या आईच्या कानावर गेलं. तिच्याकडं तेव्हा चार-पाच शेळ्या. तिनं बाजारच्या दिवशी दोन बोकडं विकली. व्यापारी एक पाठ (तरणी शेळी) पण मागत होता, काबरी, चांगला भाव देत होता, पण ती गाभण होती म्हणून हिनं दिली नाही. माझी फी भरली गेली. आज तिच्या दावणीला अकरा शेळ्या आहेत त्या सगळ्या त्या काबरीच्या पोटच्या.

आता सांगा, मोठ्या आईला शेत किती? शून्य. सगळी जनावरं गायरानावर. त्या साली तिथं हिरवं काही नव्हतं, पण वाळलेली कुसळी होती, बाभळीच्या शेंगा होत्या, बोरीचा पाला होता. बैलाला ते पुरत नाही, शेळीला पुरतं. म्हणजे माझी डिग्री त्या "कुणाच्याच वापरात नसलेल्या" जमिनीनं दिलीय.

मला राग येतो तो या पडीक शब्दाचा. नांगर फिरला नाही की पडीक. तिथं पवन्या गवत आहे, मारवेल गवत आहे, पाऊस पडला की दोन आठवड्यात अख्खा माळ हिरवा होतो, खोकड आहे, लांडगा आहे, धाविक पक्षी आहे, दिवाळीनंतर घाटाकडून मेंढरं येतात ती तिथंच बसतात, आणि पडलेलं पाणी गवताच्या मुळातून मुरून खालच्या विहिरींना जातं. दिल्लीतून पडीक जमिनींचा अ‍ॅटलास निघतो, शेवटचा २०१९ चा, त्यात खुरट्या झुडपांची जमीन सरळ पडीक म्हणून मोजलीय. महसुलाच्या कागदावरचा एक शब्द किती काय करतो बघा, विदर्भात "झुडपी जंगल" असं लिहिलेल्या जमिनी जंगल मानायच्या की नाही यावर वर्षानुवर्षं घोळ चालला, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की हो, ती वनजमीनच. शब्द बदलला की मालक बदलतो. सोलापूरकडं माळढोकाचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय, माळ म्हणजे रिकामी जागा असं धरून चाललो आणि पक्षीच जवळपास संपला.

आणि असं नाही की कायदा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, तिच्या कलम २२ खाली कलेक्टर गावाच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवतो, तेच आपलं गायरान. नंतर २२-अ कलम घातलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की गायरान दुसऱ्या वापराला वळवायचं नाही. पुढं अपवाद आहेत, सार्वजनिक कामासाठी वगैरे, मान्य. पण अपवाद हा अपवाद असतो ना? आमच्याकडं दरवेळी अपवादच होतो. झेडपीच्या शाळेला दिली, ठीक. पाण्याच्या टाकीला दिली, ठीक. मग सबस्टेशन, मग गोडाऊन, मग घरकुलं, आता हे. आजोबांच्या वेळचं गायरान आणि आजचं गायरान यात निम्म्याचा फरक आहे.

२०११ साली सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग केसचा निकाल दिला, पंजाबातल्या एका गावतळ्याचं प्रकरण होतं, त्यात सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायच्या योजना करा आणि त्या जमिनी गावाला परत द्या. आपल्या सरकारनं त्याच जुलैत जीआर काढला. नंतर ११ वर्षं काय झालं? २०२२ मध्ये हायकोर्टानं स्वतःहून विषय घेतला तेव्हा सरकारनंच सांगितलं की राज्यात गायरानावर २ लाख २२ हजारांच्या वर अतिक्रमणं आहेत. मग एकदम जाग आली आणि घराघरांवर नोटिसा. कुणाच्या घरांवर? ज्यांच्याकडं जायला दुसरी जागाच नाही त्यांच्या.

इथं मला थांबून एक गोष्ट बोलायलाच पाहिजे, नाहीतर मित्रांपैकी कुणीतरी खाली विचारणार, आणि बरोबर विचारणार. गायरान सगळ्या गावाचं असं आपण म्हणतो, पण गाव कधी सगळ्यांचं होतं? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनीसाठी. मराठवाड्यात कितीतरी दलित, पारधी कुटुंबं गायरान कसून जगलीत. १९९१ च्या जीआरनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं कायम करायची ठरलं, तरी आजही लोक एक-ईचा उतारा (तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंद), दंडाच्या पावत्या पिशवीत घालून तहसीलच्या चकरा मारतायत. आमच्याच गावात एक म्हातारबाबा आहेत, तीन एकर गायरान चाळीस वर्षं कसतात, नावावर एक गुंठा नाही. हे मी गायरान वाचवा म्हणताना विसरत नाहीये. पण मला हे कळत नाही की त्यांना चाळीस वर्षांत सातबारा मिळत नाही आणि कंपनीला चाळीस दिवसांत ताबा कसा मिळतो!

बरं, सोलर. मी सोलरच्या विरोधात नाही. रात्री दोनला मोटार चालू करायला जाणं काय असतं, साप काय असतो, बिबट्या काय असतो, हे मला कुणी सांगायची गरज नाही, माझा भाऊ तेच करतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू दिवसा वीज द्यायचा आहे, हेतू चांगला आहे, संपला विषय.

पण हिशेब बघा. त्याच योजनेत खाजगी शेतकऱ्याची जमीन भाड्यानं घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, वर ३ टक्के वार्षिक वाढ. म्हणजे एकरी ५० हजार. आणि सरकारी जमीन असली तर नाममात्र भाडं, वर्षाला १ रुपया. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. प्रकल्प पंचवीस वर्षांचा! एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत पाहिजे, मग नकाशा उघडायचा आणि सरकारी जमीन शोधायची, ती कुठली सापडणार? गायरानच. कारण तिथं भाव करायला कुणी मालक उभा नाही. बांधावर मोजणीला गेलात तर शेतकरी कुऱ्हाड घेऊन येतो, गायरानात मोजणीला गेलात तर फक्त मोठी आई आणि अकरा शेळ्या.

शेतकऱ्याला ५० हजार देताय तर गावाला का नाही? तेवढंच एकरी भाडं दरवर्षी चराईसाठी, चाऱ्यासाठी बाजूला ठेवा, पॅनलच्या खाली गवत राखा, गुरांना वाट सोडा, पाणंद बंद करू नका. हे काय आकाशातलं मागतोय का मी? आज सभेत मी हे बोललो तर साहेब म्हणाले की सूचना चांगल्या आहेत पण मंजुरी वरून झालेली आहे. म्हणजे ग्रामसभा कशासाठी होती? माहितीसाठी. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली, अकराव्या अनुसूचीत पंचायतीकडं द्यायचे २९ विषय आहेत, त्यात "जळण आणि चारा" असा चक्क वेगळा विषय आहे, आणि आम्हाला गायरानाची माहिती मिळते पिवळा रंग भरून झाल्यावर.

खरं सांगू, त्या साहेबांवर आता तेवढा राग नाही राहिला. सभा संपल्यावर पारावर चहा घेताना म्हणाले, माझा पण बाप मेंढरं राखायचा. मी काय बोलणार. त्यांच्या हातात तेवढंच आहे, टार्गेट आणि तारीख.

आणि गावानं ठरवलं तर होतं की. हिवरे बाजारनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून माळ राखला, आज तिथं गावचं गवत कापून नेतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि ते गाव ते जंगल सांभाळतंय. तुम्ही म्हणाल अशी गावं दोन-चारच, सगळीकडं तसं नेतृत्व कुठं, आमच्याच गायरानात वेडी बाभूळ माजलीय ती कुणी काढली नाही. हो, नाही काढली. आम्ही नीट राखलं नाही. पण घर झाडलं नाही म्हणून कुणी घर काढून घेत नाही.

दुपारी मोठ्या आईबरोबर गायरानात गेलो होतो. खुणेचे दगड लावलेत, पांढरा चुना मारलेला. शेळ्या त्या दगडांना अंग घासत होत्या. ती काहीच बोलली नाही, नेहमीसारखी बोरीखाली बसली. मग म्हणाली, "तू शिकलायस ना, अर्ज लिही." तिथंच बसून लिहिला. सोमवारी तहसीलला हरकत द्यायला जायचंय, गावातल्या ज्या ज्या पोरांना हे दिसतंय त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत सही करून जा, पुण्यात-मुंबईत असाल तर फोन करा. मेंढपाळांच्या पण सह्या घेतोय. म्हातारबाबांच्या तीन एकराचा अर्ज वेगळा, तोही सोबतच देणार.

अर्ज वाचून दाखवला तर मोठी आई म्हणाली, शेळ्या किती ते लिहिलंच नाहीस. कशाला लागतंय म्हणलं. तर म्हणाली, "कुणी वापरत नाही म्हणतेत ना. आकडा लिही."

लिहिला. अकरा.