कोड एकाच फाइलमध्ये ठेवला तर फास्ट चालतो? नाही भाऊ

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये एक मेसेज फिरत राहतो. अर्डुइनोचा (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डचा) सगळा कोड एकाच फाइलमध्ये ठेवा, फाइल्स वेगळ्या केल्या की फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवायची मेमरी, जास्त लागते, प्रोग्राम स्लो होतो, मल्टिपल डेफिनिशनचे (एकच गोष्ट दोनदा बनवल्याचे) एरर येतात, आणि छोट्या प्रोजेक्टला तर याची गरजच नाही. पोरं हे खरं धरून चालतात आणि मग स्वतःचाच कोड त्यांना महिन्याभराने वाचता येत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फ्लॅशचं आधी. उनो या अर्डुइनो बोर्डवरच्या एटीमेगा 328पी चिपमध्ये 32 केबी फ्लॅश आणि 2 केबी रॅम असते, पण तुमच्या फाइल्स किती होत्या हे त्या चिपला कळतच नाही, कारण कंपायलर प्रत्येक सीपीपी फाइल (सी प्लस प्लस कोडची फाइल) वेगळी कंपाइल करतो, लिंकर सगळं जोडून चिपवर टाकायची एकच हेक्स फाइल बनवतो आणि जी फंक्शन्स कुठेच वापरली नाहीत ती काढून टाकतो. मेमरी वाढते ती वेगळ्या कारणाने. हेडरमध्ये, म्हणजे बाकीच्या फाइल्स आत घेतात त्या डॉट एच फाइलमध्ये, स्टॅटिक ॲरे लिहिला तर तो वापरणाऱ्या प्रत्येक सीपीपीची स्वतःची कॉपी होऊ शकते, आणि 2 केबीमध्ये ते परवडत नाही.

स्पीडचा मुद्दा तर टिकतच नाही. दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन इनलाइन झालं नाही (कॉलच्या जागीच त्याचा कोड बसला नाही) असं धरलं तरी कॉल आणि रिटर्न मिळून साधारण 8 क्लॉक जातात, 16 मेगाहर्ट्झवर अर्धा मायक्रोसेकंद. त्यातही उनोसाठी लिंकच्या वेळचं ऑप्टिमायझेशन आयडीई (अर्डुइनोचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आपणहून चालू ठेवते, त्यामुळे बऱ्याचदा तेवढेही जात नाहीत. आणि आपण वापरतो तो तापमान-आर्द्रतेचा डीएचटी 22 सेन्सर दोन सेकंदांतून एकदाच रीडिंग देतो!

आता एररचं, कारण खरी भीती याचीच आहे. पंप डॉट एच मध्ये 'इंट पंपवेळ' लिहिलं, ते हेडर दोन सीपीपींमध्ये घेतलं, एरर आला, मग कोणीतरी सांगतं की प्रॅग्मा वन्स टाक, तो टाकला तरी एरर जात नाही आणि पोरगा वैतागून सगळं परत एका फाइलमध्ये ओततो. अरे पण प्रॅग्मा वन्स फक्त एकाच सीपीपीत तेच हेडर दोनदा येऊ देत नाही, दोन सीपीपींमध्ये तो व्हेरिएबल दोनदा बनतोच आणि लिंकर तिथे अडतो. हेडरमध्ये 'एक्सटर्न इंट पंपवेळ', म्हणजे व्हेरिएबल दुसरीकडे आहे एवढंच सांगणं, आणि खरी ओळ फक्त पंप डॉट सीपीपी मध्ये. बस. सीपीपीत वर अर्डुइनो डॉट एच घ्यायला विसरू नका, आयएनओमध्ये (अर्डुइनोच्या नेहमीच्या स्केच फाइलमध्ये) ते आपोआप येतं, इथे येत नाही.

नुसते आयएनओचे टॅब वाढवणं म्हणजे फाइल्स वेगळ्या करणं नव्हे, हेही सांगून ठेवतो. आयडीई मुख्य फाइल आधी आणि बाकीचे टॅब नावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने जोडून एकच फाइल करते, त्यामुळे सगळे ग्लोबल व्हेरिएबल सगळ्यांना मोकळेच राहतात.

राहिली छोट्या प्रोजेक्टची गोष्ट. एलईडी ब्लिंक करायचा असेल तर एकच फाइल ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण आपल्याकडे उन्हाळ्यात दर दुसरा ग्रुप कूलर कंट्रोलर बनवतो, फॅन, पंप, टाकीतला फ्लोट स्विच, डिस्प्ले, तो घ्या. पंप चालू-बंद करणारा स्विच म्हणजे रिले, आणि बरेच रिले मॉड्यूल पिन लो केली की चालू होतात. एकाच फाइलमध्ये 'डिजिटलराइट 7, लो' जागोजागी पसरलेलं असतं, ऐनवेळी सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला नवा रिले उलटा निघतो, पोरं सगळीकडे लोचं हाय आणि हायचं लो करत बसतात आणि एखादी जागा सुटते, तीही नेमकी टाकी रिकामी झाल्यावर पंप बंद करणारी. मे महिन्यात पंप कोरडा चालून जळतो. पंपचालू आणि पंपबंद ही दोन फंक्शन्स पंप डॉट सीपीपीत असती, फ्लोट तपासणंही तिथेच असतं आणि बाकी कोडला पिन नंबर माहीतच नसता, तर दोन ओळी बदलून काम झालं असतं.

फाइल्स वेगळ्या केल्यावर एक अडचण मात्र खरंच येते, त्या मेसेजमध्ये ती नाही. वेगवेगळ्या सीपीपींमधले ग्लोबल ऑब्जेक्ट कोणत्या क्रमाने तयार होतील याची गॅरंटी सी प्लस प्लस देत नाही. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हार्डवेअरला हात लावू नका, प्रत्येकाला एक बिगिन फंक्शन द्या आणि सेटअपमधून आपल्याला पाहिजे त्या क्रमाने बोलवा.