एकवीस दिवसांचं ध्यान आणि काकूंच्या फुल्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर जानेवारीत फिरून येतो. सलग २१ दिवस पहाटे ४ वाजता २० मिनिटं ध्यान करा. एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. विचार पूर्ण थांबले की ध्यान लागलं समजा. मग झोप, रक्तदाब, वजन सगळं ताळ्यावर.

समोरच्या काकूंनी हे मनावर घेतलं. कालनिर्णयवर रोज लाल पेनाने एक फुली. सतराव्या दिवशी नातवाला ताप, रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या. फुली हुकली, पुन्हा एकपासून. दुसऱ्या खेपेला नवव्या दिवशी पाहुणे. मग आसन गुंडाळून कपाटावर गेलं. "आमच्याच्याने नाही होत गं."

हा २१ आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. फिरता फिरता त्यातला 'किमान' गळाला आणि नाकाचा हिशोब ध्यानाला लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे नजर ठेवली. बहुतेकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची सवय निवडली होती. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला अंदाजाने २५४; मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही.

यावर कुणी पतंजलींच्या योगसूत्रांतलं 'नैरंतर्य', म्हणजे खंड न पडू देणं, काढेल. काढा, पण सूत्र पूर्ण वाचा: 'स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः'. दीर्घकाळ, निरंतर आणि आदराने केला की अभ्यास पक्का होतो. पहिली अट दीर्घकाल आहे. आणि काकूंचं नैरंतर्य नातवाच्या तापाने मोडलं नाही, 'पुन्हा एकपासून'ने मोडलं.

पहाटे ४ ची घंटा इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात वाजते, खरं आहे. पण तिथे डबे भरायचे नसतात.

सगळ्यात घातक मुद्दा विचार थांबण्याचा. मी बसते तेव्हा सहाव्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी होते आणि माझं मन आमटीत चिंच घालावी की आमसूल इथवर पोचतं. मग ध्यानात येतं, श्वासावर परत यायचं. पुन्हा आमसूल, पुन्हा श्वास. गीतेच्या सहाव्या अध्यायात हेच सांगितलंय: चंचल मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणावं. पळूच नये, अशी अट नाही. चित्तवृत्तिनिरोध, म्हणजे मनाची सगळी हालचाल थांबणं, हा फार पुढचा मुक्काम. तो पहिल्या आठवड्याचं ध्येय म्हणून लावला तर माणूस रोज नापास. बसणं आपल्या हातात आहे, मन शांत होणं नाही. ध्येय ठरवायचं तर बसण्याचं ठरवावं.

राहिले फायदे. २०१४ साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा आढावा आला होता. चिंता, नैराश्य, वेदना यांत थोडी सुधारणा दिसली; झोप आणि वजनावर परिणाम होतो म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. रक्तदाबाची गोळी फॉरवर्ड वाचून बंद करू नका.

काकू आता दुपारी जेवणं आटोपली की दहा मिनिटं बसतात, खुर्चीत, पाय खाली सोडून. या महिन्यात कालनिर्णयवर अकरा फुल्या आहेत. मधल्या रिकाम्या चौकटींत दूधवाल्याचा हिशोब.