३७० गेलं, पण राज्य कुठंय?

काल फॅमिली ग्रुपवर परत तोच काश्मीरचा फॉरवर्ड आला, की ३७० गेलं, कोर्टानंही ते वैध ठरवलं, आता काश्मीर पूर्ण भारतात आलं. त्यात अर्ध्या गोष्टी चुकीच्या, म्हणून लिहायला बसलो. मोठं झालंय पण वाचा.

मी मराठवाड्यातला. आमच्याकडं १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य आलंच नव्हतं, ते आलं १७ सप्टेंबर १९४८ ला, आजोबांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली. त्यामुळं संस्थान भारतात येतं म्हणजे काय होतं हे घरात ऐकतच मोठा झालो. काश्मीरचं असं झालं की ऑक्टोबर १९४७ मधे पाकिस्तानातून टोळीवाले बारामुल्लापर्यंत घुसले, श्रीनगर जातंय की काय अशी वेळ आली, तेव्हा २६ तारखेला महाराजा हरिसिंगांनी सामीलनाम्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी आपलं सैन्य विमानानं तिथं उतरलं. सही तीनच विषयांपुरती, संरक्षण, परराष्ट्र, दळणवळण. बाकीच्या संस्थानांची पण सुरुवात याच तीन विषयांनी झाली होती बरं का! ती पुढं पूर्ण विलीन झाली, काश्मीरमधे मात्र लढाई चालू, प्रश्न युनोत, त्यामुळं तिथं गाडी अडकली. ३७०, म्हणजे काश्मीरला वेगळी स्वायत्तता देणारं कलम, यातून आलं, आणि ते संविधानाच्या तात्पुरत्या आणि विशेष तरतुदींच्या भागात ठेवलं. त्याच भागात पुढचंच कलम ३७१, त्यात आपला विदर्भ आणि मराठवाडा आहे, विकास मंडळांसाठी. म्हणजे एखाद्या भागाला वेगळी तरतूद दिली की देश तुटतो असं काही नसतं.

आता ३७० गेल्याचं मला दुःख आहे का? नाही. ३५अ, म्हणजे राज्याचे कायमचे रहिवासी कोण हे ठरवून सरकारी नोकरी नि जमीन त्यांच्यापुरतीच ठेवायची मुभा राज्याला देणारं कलम, त्यामुळं जे झालं ते वाईटच होतं. १९५७ मधे पंजाबातून वाल्मिकी समाजाची माणसं सफाईच्या कामासाठी जम्मूत आणली, आणि त्यांची पोरं शिकून पदवीधर झाली तरी राज्य सरकारची नोकरी म्हणजे सफाईचीच, पिढ्यान्पिढ्या! हे कुठल्याही स्वायत्ततेच्या नावाखाली मला पटणार नाही.

पण ऑगस्ट २०१९ मधे ३७० हटवताना दुसरी पण एक गोष्ट ठरली ज्यावर कुणी बोलतच नाही, अख्ख्या राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश करायचं, आणि ते ३१ ऑक्टोबरपासून झाले. लडाखला तर विधानसभाच नाही. ११ डिसेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं, आपले चंद्रचूड साहेब सरन्यायाधीश होते, ३७० हटवणं वैध ठरवलं आणि त्याच निकालात म्हटलं की जम्मू काश्मीरला राज्याचा दर्जा लवकरात लवकर परत द्या. फॉरवर्डमधे निकालाचा पहिला भाग असतो, दुसरा कधीच नसतो.

२०२४ च्या ऑक्टोबरमधे आम्ही श्रीनगरला होतो. होमस्टेचे चाचा कहवा ओतत होते, डाव्या हाताच्या बोटावर मतदानाची शाई अजून दिसत होती, नखाच्या मुळाशी काळी रेघ. विधानसभेला दहा वर्षांनी मत दिलं म्हणाले. मग मला विचारलं, "आपके यहाँ पुलिस किसके पास होती है?" मी म्हटलं राज्य सरकारकडं. म्हणाले, हमारे यहाँ एलजी साहब के पास, म्हणजे केंद्रानं नेमलेल्या नायब राज्यपालांकडं. ज्याला मत दिलं त्या मुख्यमंत्र्याकडं पोलिसच नाहीत.

ज्यांनी ३७० जाताना पेढे वाटले त्यांनीच आता राज्याचा दर्जा मागायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. भारतात पूर्ण आले ना ते? मग लातूरच्या माणसाच्या मताला जे वजन आहे तेच चाचांच्या मताला द्या. आणि लवकरात लवकर म्हणजे कधी, त्याची तारीख सांगा.