भट्टी जळाल्यानंतरचे पत्र

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, त्यांच्यात थॅडियस स्टीव्हन्स (१७९२–१८६८) याचे नाव अग्रभागी हवे. आपल्याकडे मात्र अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताची ती सारी कथा लिंकनपाशीच आटोपते. पेन्सिल्व्हेनियाचा हा वकील, खासदार आणि लोखंडाचा कारखानदार. त्याचे निवडक कागद दोन खंडांत छापलेले आहेत, आणि माझे मत असे की गाजलेल्या भाषणांच्या आधी पत्रे वाचावीत.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, जून १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या थोडेच दिवस आधी, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती जुबल अर्ली याच्या सैन्याने स्टीव्हन्सचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना ठरवून जाळला. त्यानंतरचे त्याचे पत्र पंचनाम्यासारखे आहे: भट्टी गेली, जनावरे गेली, नाल ठोकायला बऱ्या म्हणून लोखंडी पट्ट्याही गाड्यांत भरून नेल्या, कुरणातले सुमारे ऐंशी टन गवत नासले, खिडक्या फोडल्या. पुढे तो लिहितो की कामगारांच्या कुटुंबांची तूर्त सोय आपल्यालाच पाहिली पाहिजे. आणि देश पुन्हा एक होऊन गुलामगिरीचा मागमूस उरणार नसेल, तर हा सौदा स्वस्तातच पडला. आधीच कर्जाने पिचलेल्या कारखानदाराने हे लिहावे, याचे मोल मला मोठे वाटते. (परदेशी लोखंडावर जबर जकात बसवा, हा त्याचा आग्रह अर्थातच निःस्वार्थी नव्हता.)

याच माणसाने १८२१ मध्ये मेरीलँडच्या एका गुलाममालकाचे वकीलपत्र घेतले होते. पेन्सिल्व्हेनियात सहा महिने ठेवलेला गुलाम कायद्याने मुक्त होई; चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीचे तिथले वास्तव्य सलग सहा महिन्यांचे नव्हते, एवढ्या मुद्द्यावर त्याने खटला जिंकला आणि ती मुलांसह पुन्हा गुलामीत गेली. ‘उमेदवारीच्या काळातली चूक’ म्हणून हे प्रकरण दोन ओळींत उरकणे मला पटत नाही. १८३८ मध्ये मताधिकार फक्त गोऱ्यांना देणाऱ्या पेन्सिल्व्हेनियाच्या राज्यघटनेवर सही करण्यास त्याने नकार दिला; या दोन तारखांमधले अंतर त्याने कसे काटले, हाच खरा चरित्राचा विषय आहे.

हिशेबी वृत्ती शेवटपर्यंत सुटली नाही. सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्याने बड्या मळेवाल्यांची जमीन जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्यावी, उरलेली विकून युद्धाचे कर्ज फेडावे, असे आकड्यांनिशी मांडले. त्याच्या स्वतःच्या पक्षातल्या बहुतेकांनाही ते झेपले नाही, आणि जमीन जुन्या मालकांकडेच राहिली.