गुडघ्यातलं वंगण आणि दहा हजार पावलं

आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर तो मेसेज महिनाभरात चौथ्यांदा आला. सारांश असा: गुडघ्यातलं वंगण मोजकंच असतं, चालून ते संपतं, म्हणून साठीनंतर चालणं कमी करा. चालायचंच तर रोज १०,००० पावलं, त्याहून कमी चालून उपयोग शून्य. आणि माळ, डोंगर, कच्च्या वाटा म्हाताऱ्यांसाठी नाहीत. सोसायटीच्या फरशीवर फेऱ्या मारा. कमी चाला आणि दहा हजार पावलं चाला, हे एकाच मेसेजात! तरी खाली जोडलेल्या हातांची रांग.

आधी वंगण. गुडघा म्हणजे सायकलची चेन नव्हे. सांध्यातला द्रव शरीर सतत तयार करत असतं. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला, म्हणजे कार्टिलेजला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती ओल्या स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की फुगते, आणि या दाबण्या-सुटण्यातूनच तिला त्या द्रवातलं पोषण मिळतं. गुडघ्याचा संधिवात असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाराशेहून अधिक अमेरिकी लोकांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यायाम म्हणून चालणाऱ्यांत नव्याने सतत गुडघे दुखू लागण्याचं प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. ज्यांचे गुडघे मुळात बरे तेच चालत असतील, ही शंका उरतेच. पण चालून वंगण संपतं, हे काही त्यातून निघत नाही.

गुडघ्यांना जड जातो तो उतार. सिंहगड उतरून आलेल्या कुणालाही विचारा. उतारावर काठी, छोटी पावलं आणि घाई नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

दहा हजारांचा आकडा डॉक्टरांनी काढलेलाच नाही. टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लक्षात राहिलं आणि जाहिरातीचा आकडा जगाचा नियम झाला. २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला.

कच्च्या वाटांबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. पावसाळ्यात शेवाळलेला जांभा आणि उन्हाळ्यात मुरमाचा घसारा, दोन्ही पाडतात. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे थट्टा नव्हे. पण म्हणून फक्त फरशी? पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुळगुळीत फरशीवर तोलाला काम कसलं? दिवाळी ते होळी या दिवसांतली शेताकडची कोरडी पाणंद, कालव्याच्या कडेचा रस्ता, या आपल्या वाटा.

किंवा माथेरान. सुमारे ८०० मीटर उंचीवर, पण तिथवर चढून जायचं नाही. मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तिथल्या अमन लॉज स्टेशनहून छोट्या रेल्वेगाडीने बाजारात उतरायचं आणि तांबड्या मातीच्या सावलीतल्या रस्त्याने शार्लट लेकपर्यंत रमतगमत जायचं. (खाऊची पिशवी हातात उघडी नको. माकडं वयाचा मान ठेवत नाहीत.)

आमची खरी अडचण मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही. ती म्हणजे स्वच्छतागृह. वाटेत सोय नसेल म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, त्यात वयानुसार तहान कमी लागते, मग उन्हात चक्कर येते आणि दोष चालण्याला. वाट ठरवताना आम्ही आधी ते कुठे आहे ते बघतो, देखावा नंतर.