मले काही 'ल' समजून नाही राहिला

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात चिनी शिकणारा मी एकटाच. त्यामुळे चुकलो तरी पकडणारं कोणी नाही, आणि बरोबर आलं तरी मानणारं कोणी नाही. भाषांतराच्या कामासाठी एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची सहावी पातळी काढायची होती. पुण्यातली खोली परवडेना, म्हणून पुस्तकं बांधून घरी आलो. पाच हजार शब्द लागतात म्हणे. त्याचं काही नाही, शब्द घोकता येतात. गोची सगळी व्याकरणाची.

त्याआधी सूर. विकत घेणं म्हणजे 'माइ', आणि विकणं म्हणजेही 'माइ'. घेताना सूर खाली बुडवून वर काढायचा, विकताना वरून धाडकन आपटायचा. कापूसवाल्याच्या घरात हा नियम एका फटक्यात पाठ होतो. पहाटे ओसरीवर मी 'माइ, माइ' सुरू केलं की चुलीपासून आवाज यायचा, "काय रे?" दोन दिवस तिनं दर वेळी ओ दिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इतकी माय माय तं तू तापातबी नाही केली."

मग मोजणी. चिनीत नुसतं 'एक गाय' म्हणता येत नाही, मधे मोजायचा शब्द घालावा लागतो. साप, नदी, रस्ता आणि पँट यांना एकच शब्द, कारण चारही लांबुळके. गाईला 'थौ', म्हणजे डोकं. लसणाच्या गड्ड्यालाही 'थौ'. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे गाय अन् लसूण एकाच दावणीले?"

परीक्षेत वाचनाच्या सुरुवातीलाच चार वाक्यं देतात, त्यातलं सदोष ओळखायचं. असं 10 वेळा. बाजारात चार बैल उभे आहेत, एक लंगडा आहे, पण चालवून कोणी दाखवत नाही, असा तो प्रकार. लेखनात तर हजारेक चिन्हांची गोष्ट 10 मिनिटं वाचायला देऊन काढून घेतात, आणि 35 मिनिटांत ती 400 चिन्हांत उतरवायची. सावकारानं कागद दाखवून परत पेटीत टाकावा तसं.

पण मला खरा आडवा केला तो 'ल'नं. रोमन लिपीत तो एल-ई असा लिहितात. वऱ्हाडी डोळ्यांना ते 'ले'च दिसणार: मले, तुले, बैलाले. महिनाभर मी तसंच वाचलं. हा 'ल' क्रियापदामागे लागला तर काम झालं, वाक्याच्या शेवटी लागला तर परिस्थिती पालटली, आणि कधी दोन्हीकडे. बरं, भूतकाळ म्हणावा तर 'उद्या जेवल्यावर जातो' यातही हा हजर! चिनी क्रियापदाला मुळात काळच नाही. पुस्तकात 'लाय ल' होतं, म्हणजे 'आलो'. हाक मारली की चिनी वेटर हेच ओरडतो. अरे, पण तू अजून भटारखान्यात आहेस, आलास कुठं?

मी डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात आतून हाक आली, "ताट वाढलं रे, येतं का नाही?"

"आलो!" मी खाटेवरून न हलता ओरडलो.

"हे 'आलो' मी अर्ध्या घंट्यापासून ऐकून राहिलो," बाबा म्हणाले.

मी ताडकन उठून बसलो. आलो! आलो कुठं होतो मी? आणि परवाच बाबा म्हणाले होते, "उद्या पाणी आलं की पेरतो." उद्या, आणि आलं! जन्मभर आम्ही घरात 'ल'च बोलत होतो की! वही ओढली आणि घाईघाईनं उतरवू लागलो. आतून पुन्हा हाक.

"लाय ल!" मी ओरडलो.

"लाह्या नाही केल्या," माय म्हणाली, "भाकर हाय. येतं तं ये."